हात धुण्याला तीन मार्क

कसबा बावडा,
शनिवार, म्हशी धुऊन झाल्यावर

ती. धोंडुआक्का हिला,

धाकट्या झुंबरबाईचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (माझा गुडघा वाकत न्हाय, म्हणून डोकं हितनंच ठेवलंय. तू तिथनं पाय जरा फुडं कर.) तुझी तब्येत कशी हाय? दाजींचा खोकला गेला का अजून घरातच मुक्कामाला हाय? भात कसं हाय, म्हैस व्याली का, व्याली असंल तर रेडी का रेडा, सुनेचं माहेरपण संपलं का? सगळं इचारून झालं. आता माझं ऐक, मला दम न्हाय.

फोन करणार होते. पण तुझ्या त्या धरणाच्या अंगाला रेंज येत न्हाय, आन आलीच तर तू "कोण? कोण?" म्हणून ओरडत बसतीस आन मी कोण ते सांगूस्तवर ठेवून देतीस. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राचं एक बरं असतंय, तुला मधी बोलता येत न्हाय. बातमी लई मोठी हाय, पण ती पहिल्यांदाच सांगून टाकणार न्हाय. गेला आठवडा मी जे भोगलं ते तू निदान वाचून तरी भोगायला पाहिजेस, कारण ह्यातला निम्मा दोष तुझा हाय. कसा ते कळंल.

तर आपली स्वप्नाली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. तुला ठावंच हाय, पोरगी किती राबती. वॉर्डातनं येती तवा पायाला गोळे आलेले असतात, तरी जेवताना मला सांगती, आज एका आजीची जखम बांधली, आज एका बाळाला ताप होता. (मी म्हणते जेवताना जखमेचं सांगू नगंस, पण ती आमटी वरपत वरपत सांगती.) आता ह्या पोरींना नोकरीला घ्यायला शुक्रवारी दवाखान्याची मोठी सिस्टर, म्हणजे मेट्रन, कॉलेजात यायची होती. मोठा दवाखाना, पगार बरा, आन घरनं जाऊन-येऊन करता येतंय, म्हणजे पोरगी पुण्या-मुंबईला जायाची न्हाय. माझा सगळा जीव त्या शुक्रवारात अडकलेला. आन त्याच्या आधी कॉलेजनं काय करावं? पोरींच्या हातात एक कागद दिला. त्यावर सगळी कामं लिहिलेली. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग, डॉक्टरला पेशंटची हकिकत सांगणं, गडबडीत हातपाय न गाळणं, पेशंटचे नातेवाईक आवरणं, असं लांबच्या लांब. आन दर कामाफुडं पोरीनं स्वतःच स्वतःला मार्क द्यायचे, एक ते पाच. नोकरीवर उभं राहायची आपली तयारी किती झाली, हे आपलं आपणच सांगायचं! आक्का, आपल्या टायमाला आपले मार्क आपणच द्यायची सोय असती, तर मी चौथीत कशाला थांबले असते?

मंगळवारी त्यांच्या अनुजा मॅडमचा फोन आला, आईला घेऊन ये म्हणून.  पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली (म्हशीनं पाय दिलाय, लई दिवस झालं, वल्लंच हाय, असू दे), चांगलं लुगडं नेसले आन गेले. तिथं बाकड्यावर मोनाची आई आधीच बसलेली. मोना म्हणजे स्वप्नालीची मैत्रीण, उंच, गोरी, लई बोलकी. तिची आई मला म्हणती, "आमच्या मोनानं सगळीकडं पाच घातलेत. तुमच्या?" मी म्हटलं, आमच्या बी पाचच असतील की. आत गेले तर मॅडमनी कागद माझ्याफुडं सरकवला. आक्का, सगळीकडं दोन! दोन, दोन, एखादा तीन, परत दोन. नातेवाईक आवरणं ह्याला तर एक. आन सगळ्यात वर लिहिलंय हात धुणे, त्याला तीन! मी मॅडमना म्हटलं, बाई, ह्यो कागद दुसऱ्याच्या पोरीचा असंल. त्या म्हणाल्या, "तुमच्याच मुलीचा आहे. आणि गंमत अशी, की आम्ही शिक्षकांनी तिला जे मार्क दिलेत ते सगळे चार-पाच आहेत. तिला काम येतं हो. येतं हे तिला म्हणता येत नाही. आता मेट्रनबाईंनी हा कागद बघितला तर त्या हिला घेतील का?" मी इचारलं, मग मोनाचं काय? तर मॅडमनी नुसता सुस्कारा सोडला. नंतर कळलं. तिथं सरावाला एक बाहुली हाय, रबरी हाताची. त्या हातातली शीर पण रबराची, जागची हलत न्हाय, वरनं निळी रंगवलेली. मोनाला ती बी घावली न्हाय, आन वर म्हणाली, मॅडम, ही शीर जरा लाजाळू आहे. आन ह्या कामाला तिनं स्वतःला दिलेत पाच.

मॅडमनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत मुलीशी बोला. मी काय, बोलायलाच जन्मलेली. घरी आल्या आल्या पोरीला समोर बसवली. म्हटलं, बये, हात धुण्याला तीन? जन्मल्यापासनं धुतीयास की! तर खाली मान घालून म्हणती, "अगं, आपणच आपल्याला पाच कसं द्यायचं? बरं दिसतंय का ते? ताईला बघायला पावणं आलते तवा मावशीनं काय सांगितलतं? कुणी काय येतं म्हणून इचारलं तर थोडंथोडं म्हणायचं."

मावशी म्हणजे तू, आक्का! आता आठवतंय का? थोरलीला बघायला पावणं आलते त्या दिवशी सगळा सैपाक तिनं एकटीनं केलता, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, भाकरीची चळत. आन पावण्यांनी रस्सा वरपत इचारलं, सैपाक येतो का? तर तुझ्याकडं बघून पोरगी म्हणाली, थोडाथोडा. शिवण येतं का? थोडंथोडं. अंगावरचं पोलकं तिनंच शिवलेलं, माझ्या बी अंगावरचं तिनंच शिवलेलं! पावणं खूश, पोरगी गुणाची हाय म्हणाले, आन तू दारामागनं माझ्याकडं बघून अशी मान हलवलीस जसा काय तूच रस्सा केलतास. त्या टायमाला ही धाकटी पाण्याचे तांबे घेऊन फिरत होती. तिनं ते मनात धरलं. कॉलेजनं कागद दिला तर हिला वाटलं पावणंच आलेत! आता तूच सांग, डॉक्टरनं इचारलं सिस्टर, सलाईन लावता येतं का, आन ही म्हणाली थोडंथोडं, तर पेशंट खाटेवरनं उठून घरी जाईल का न्हाय?

मग मी तयारी हातात घेतली. (आमचे मालक म्हणाले, "झुंबर, तू ह्यात पडू नगंस." म्हणून पडले.) बुधवारी सकाळी पोरीला गोठ्यात नेली, कारण तिथं ऐकायला कोण न्हाय. म्हटलं, म्हण, मला येतं. ती म्हणाली, मला येतं. इतकं हळू की म्हशीनं शेपूट बी हलवली न्हाय. म्हटलं, मोठ्यानं. परत म्हणाली. म्हटलं, असं म्हण की पंचगंगेच्या घाटावर ऐकू गेलं पायजे, आन कसं ते दाखवायला मीच ओरडले, "मला येतं!" तर म्हैस बिथरली, धारेची बादली लाथाडली, आन मालक काठी घेऊन पळत आले, त्यांना वाटलं गोठ्यात साप निघाला.

गोठ्यात जमंना म्हटल्यावर मला दुसरं सुचलं. हातात खरा पेशंट आल्याबिगर धीर कसा येणार? सांजच्याला डेअरीवर दूध घालायला सगळी गल्ली जमती. तिथं कॅन ठेवला आन जाहीर केलं, की उद्या सकाळी माझ्या अंगणात तपासणी, फुकट, सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं. (उपाशीपोटी हे मी माझ्या मनानं घातलं. उपाशीपोटी म्हटल्याशिवाय तपासणीला वजन येत न्हाय.) घरी येऊन पोरीला सांगितलं तर लई भडकली. म्हणाली, "आई, मी अजून शिकतीया. मला असलं काय मांडता येत न्हाय. आता लोकं येणारच हायत तर नुसतं बीपी बघीन, एक गोळी बी कुणाला सांगणार न्हाय." म्हटलं, बघ. पण बघताना बोल, मला येतं म्हणून.

गुरुवारी सकाळी, आक्का, अंगणात माणूस मावंना! लग्नाला येत न्हाईत तेवढी माणसं फुकटच्या बीपीला. म्हाताऱ्या नटून आलेल्या. मी दारात उभी राहून रांग लावत होते, कुणी मधी घुसला की दंडाला धरून मागं. स्वप्नाली खुर्चीवर बसून एकेकाचा दंड बांधती, फुगवती, कान लावून ऐकती, हळूच सांगती. मी दर माणसामागं तिला आठवण करते, म्हण की! ती दात खाऊन म्हणती, आई, मला ऐकू येईना झालंय. असं चाललेलं, आन रांगेत मागं आपले पिराजीमामा उभे. पलीकडच्या घरातले, तू बघितलंयस, गल्लीतल्या सगळ्या भांडणात जे दोन्ही बाजूंनी बोलतात ते. ते एकाएकी मला शिव्या द्यायला लागले. मला! म्हणाले, ए रांगवाली, तुझ्या बापाची गल्ली हाय का? बोलताना जीभ जड, घामानं सदरा भिजलेला, हात लटलट कापतेत. मी पण सोडणार न्हवते, दोन शब्द सुनावले, तर मामा भिंतीला टेकून खालीच बसले.

मग जी गडबड उडाली! एक म्हणतंय चप्पल हुंगवा, एक म्हणतंय कांदा आणा, एक म्हणतंय देवाचं हाय. मी मामांचे खांदे धरून गदागदा हलवत होते, मामा, बोला, मामा, बोला म्हणून. आन आक्का, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"आई, तू भाईर हो."

मी मागं बघितलं. मला वाटलं मीच बोलले. आवाज हुबेहूब माझा, पण माझं तोंड तर मिटलेलं! स्वप्नाली उभी होती. परत म्हणाली, "भाईर हो म्हणते न्हवं? सगळी मागं सरा. वारं लागू दे." आन माझ्याच अंगणात मला कोपराला धरून बाजूला केली. माझ्या उभ्या जन्मात मला कुणी असं बाजूला केलं न्हाय, सासूनं सुद्धा न्हाय. मामांच्या सुनेला म्हणाली, "ह्यांची साखर बघायचं मशीन आण, पळ." मला म्हणाली, "साखर घालून पाणी आण." मी पळाले. (मीठ आणलं. परत पळाले.) तोवर तिनं मामांच्या बोटाला टोचून बघितलं, साखर लई खाली गेलेली. मामा शुद्धीत हायत, गिळतंय का ते बघितलं, मग घोटघोट पाणी पाजलं. सारखी त्यांच्याशी बोलत होती, "मामा, माझ्याकडं बघा. अजून एक घोट. शिव्या नंतर द्या." मग थोडं थांबून परत मशीन लावलं, साखर वर आलेली, मग भाकरीचा तुकडा खायला लावला. मामांनी डोळे उघडून इचारलं, रांग कुठवर आली? तेवढ्यावर न्हाय सोडलं तिनं. म्हणाली, "गोळी अजून पोटात हाय, साखर परत उतरंल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, फुडचं डॉक्टर बघतील, ते माझं काम न्हाय." रिक्षात घालून स्वतः संगं गेली. पायात चप्पल न्हवती पोरीच्या.

झालतं काय, की मामांनी सकाळची साखर उतरवायची गोळी घेतली, आन तपासणी उपाशीपोटी म्हणून काय खाल्लं न्हाय. उपाशी राहायला कुणी सांगितलतं ते आता उकरून काढायचं कारण न्हाय. (गल्लीनं उकरून काढलंय. मामांची सून माझ्या दारावरनं जाताना मोठ्यानं हसती. असू दे.) मामा सांजच्याला घरी आले, खणखणीत हायत, आन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेत, पोरगी हाय म्हणून मी हाय.

तर शुक्रवार. मालक म्हणाले, तू कॉलेजात येऊ नगंस. मग गेलेच. पेढे आधीच घेऊन ठेवलते, पिशवीत. (आधी घेऊ नये म्हणतेत, पण नंतर गर्दीत कोण थांबतंय?) आत मॅडम, शेजारी मेट्रनबाई. मेट्रन म्हणजे अशी बाई, की तिच्याकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं, ही आपल्यासारखीच हाय, हिला पण दम न्हाय. मोना आधी जाऊन आलेली. तिला दोन महिने अजून बाहुलीसंगं बसवलंय, पण तिचं तोंड काय पडलं न्हाय. म्हणाली, काकू, बाहुली आता ओळखीची झालीया. ब्येस पोरगी हाय.

स्वप्नाली आत गेली. मी दाराला कान लावला. मेट्रननं इचारलं, "कागदावर सगळीकडं दोन घातलेत. खरंच एवढीच तयारी आहे का?" आत गप्प. आक्का, तू असतीस तर तुझा जीव गेला असता. मी भाईर हाताची पाची बोटं दाराला दाखवतीया, म्हण की, म्हण की!  मला वाटलं की आता हिच्या तोंडातनं तुझं ते थोडंथोडं निघणार. मला धीर निघंना. दार ढकललं आन आत जाऊन म्हटलं, "बाई, पाच हाय ती! सगळ्यात पाच! काल मेलेला माणूस उठवलाय तिनं!"

 मॅडमनी कपाळाला हात लावला. पिशवीतनं एक पेढा घरंगळत मेट्रनच्या पायापाशी गेला. आन स्वप्नालीनं वळून माझ्याकडं बघितलं, आन त्याच आवाजात म्हणाली, "आई, तू भाईर हो. मामा मेले न्हवते. मी बोलतीया." मी उलट पावली भाईर. दार माझं मीच लावून घेतलं.

कान मात्र दारालाच. मग बोलली ती, आक्का, सरळ. म्हणाली, "इंजेक्शन देता येतं. ड्रेसिंग चांगलं येतं. मोठ्या माणसाला सलाईन लावता येतं, ल्हान बाळाची शीर एकटीला जमत न्हाय, तिथं मी सिनिअरला बोलावणार. गडबडीत काल हात कापले न्हाईत, नंतर रिक्षात कापले. औषधाचा हिशेब दोनदा केल्याशिवाय मी देणार न्हाय, उशीर झाला म्हणून कुणी ओरडलं तरी न्हाय. आन हात धुवायला येतात, मॅडम. त्याला पाच." मी भाईर डोळं पुसतीया, आन आत मेट्रन हसायला लागली. पेनाचा आवाज आला. म्हणाली, "बाकीचं तू वॉर्डात सिद्ध कर. एक दुरुस्ती मात्र मी आत्ताच करते. पेशंटचे नातेवाईक आवरणं, इथं एक घातलायस. आत्ता माझ्यासमोर जे आवरलंस, त्याच्यापेक्षा अवघड नातेवाईक माझ्या दवाखान्यात अजून आलेला नाही. पाच."

घेतली, आक्का! घेतली! एक तारखेपासनं हजर व्हायचंय. मी पेढे वाटत सुटले, शिपायाला दिला, मोनाच्या आईला दोन दिले, मेट्रनच्या तोंडात माझ्या हातानं घातला. (ती म्हणाली हात धुतलेत का. स्वप्नालीचीच बाई हाय ती.) येताना रिक्षातनं गल्लीपर्यंत ओरडत आले. पोरगी म्हणती, आई, हळू. म्हटलं, आता हळू न्हाय, आता पगार हाय!

तर अशी बातमी. दाजींना माझा नमस्कार सांग, खोकला गेला नसंल तर पाठव हिकडं, आता आपला दवाखाना हाय. पत्र दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देते, म्हणजे उद्याच मिळंल.

तुझी धाकटी,
झुंबर

ता. क. इचलकरंजीचं जे स्थळ तू स्वप्नालीला आणलंयस, यंत्रमागवाले म्हणून, ते दिवाळीनंतर बघू. यायचंच असंल तर त्यांना आधी सांगून ठेव, पोरगी जे येतं ते येतं म्हणणार आन भाकरी येत न्हाय ती न्हाय म्हणणार. दारामागनं मान हलवायचा तुझा कार्यक्रम ह्या खेपंला न्हाय.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र ह्याच्यासाठीच लिहिलंय. काल पेढा खाताना स्वप्नालीनं माझ्या अंगठ्याची चिंधी सोडली. जखम बघितली, मला इचारलं आई तहान लई लागती का, आन पेढा हातातनं काढून घेतला. मामांचं मशीन आणून बोटाला टोचलं. साखर लई वर हाय म्हणती. बुधवारी दवाखान्यात जायचंय, रक्त काढणार, कदाचित रोजचं इंजेक्शन लागंल, डॉक्टर सांगतील. उपाशीपोटी यायचंय, आन ह्या खेपंला ते मी सांगितलेलं न्हाय. तू मंगळवारीच ये. एसटी मिळती. कामं सुनेवर टाक. पोरगी एक हात धरणार, दुसरा धरायला कोणतरी लागतंय. मालक न्हाय चालत, ते रक्त बघितलं की मामांच्या आधी भिंतीला टेकतात.

ता. क. ३. स्वप्नालीनं मला इचारलं, आई, सुई टोचून घ्यायची तुझी तयारी किती, एक ते पाच? सगळ्या गल्लीसमोर म्हटलं, पाच. आता हे पत्र कुणाला दाखवू नगंस. भ्या वाटतंय का म्हणून तू इचारशील, तर थोडंथोडं.